पंचनाम्यातली कुऱ्हाड

आमच्या घरात वेडं कोणी नाही, हे सांगून सांगून त्या वर्षी मी घसा कोरडा केला. ज्याला सांगावं त्यानं मान डोलवायची आणि माझी पाठ वळली की हसायचं. कुंभार पिंपळगावचे लोक असेच. स्वतःच्या घरातलं जळालेलं त्यांना दिसत नाही, दुसऱ्याच्या चुलीवर काय शिजतंय ते वेशीपासून कळतं.

ते वर्ष हैदराबाद रियासतीच्या फसली सनाचं तेराशे अठ्ठेचाळीस. माघ महिना. माझा धाकटा भुजंग तेव्हा पंचविशीतला. चाबूक हातात न घेता औत हाकणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्यानं भर दुपारी, मोटा थांबवून गडी भाकरी खायला बसले तेव्हा, चार विहिरींवरचे नाडे विळ्यानं कापले. चारही मोटा तळाला. चौथी विहीर आमचा बांधशेजारी पुंजाराम, त्याची, तिथं तो सापडला. पळाला नाही. विळा जमिनीवर ठेवला आणि म्हणाला, “आता ती कोणाला खाली वढणार न्हाई.”

ती म्हणजे विहीर.

दसऱ्यापासूनच त्यानं विहिरीचं पाणी सोडलं होतं. रांजणाला शिवायचा नाही. ओढ्याच्या वाळूत झिरा उकरायचा आणि तिथं ओणवा होऊन प्यायचा. शेजारणी विचारायच्या. मी सांगायची, नवस आहे त्याचा. कसला नवस, कोणत्या देवाचा, असं विचारायची कोणाची छाती नव्हती. तुळजाबाईला दुसरा प्रश्न कोणी विचारत नसे.

आमच्या मालकांना जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. ते आमच्याच विहिरीत गेले. पाय घसरला. भुजंग तेरा वर्षांचा होता, काठावर उभा होता. पंचांनी विचारलं तेव्हा त्यानंही तेच सांगितलं. पाय घसरला.

नाडे कापले त्याच दिवशी पोलीस पाटील काकासाहेब आमच्या ओसरीवर आले. मालकांचे चुलतभाऊ, म्हणून मला वहिनी म्हणत. बसले, पाणी प्याले, आणि कागद काढला.

“वहिनी, चार जणांचा गहू वाळून जाईल. मला वर कळवणं भाग हाय. पर वाट सोपी हाय. पोराचं डोकं फिरलंय, असं लिहितो. तालुक्याचा डॉक्टर बघंल, अदालतीचे मुन्सिफसाहेब हुकूम देतील, अन् जालन्याच्या सरकारी दवाखान्यात जाईल तो.”

“पागलखान्यात म्हणा की. लाजता कशाला?”

“दवाखानाच हाय तो. पलंग हायेत, डॉक्टर हाय. पयले अशा लोकांना जेलात चोरांसंगं कोंडत व्हते. आता साऱ्या रियासतीत मिळून तेवढी एक जागा केलीय सरकारनं. तेलंगणातून, बिदर-गुलबर्ग्यातून लोक आणतात तिथं. आपल्या तर दाराशी हाय.”

“साऱ्या रियासतीत एक, अन् त्यात माझंच पोरगं घालायचं तुम्हांला?”

“वहिनी, आजार हाय तो.”

“तुमच्या घरी न्या मंग आजार. पुढच्या महिन्यात माझ्या नंदाचं लग्न हाय. हसनाबादची सोयरीक. चुलता पागलखान्यात म्हटल्यावर ते दारात तरी उभे राहतील का?”

नंदा माझी नात, थोरल्या धर्मराजची. सुपारी फुटली होती. तिची होणारी सासू झुंबरबाई म्हणजे नाकानं कांदे सोलणारी बाई. लुगड्याचा काठ बोटानं चोळून बघितल्याशिवाय ती कोणाच्या घरी बसत नाही.

तेव्हा मला ती अक्कल सुचली. मी अक्कलच समजत होते तिला.

“काकासाहेब,” मी म्हटलं, “लिहा, बांधाच्या भांडणावरून पुंजारामावर कुऱ्हाड उगारली. नाडे रागात कापले.”

त्यांनी लेखणी खाली ठेवली.

“कुऱ्हाड कुठली? विळा व्हता त्याच्याजवळ, अन् तोबी त्यानं कोणावर उगारला न्हाई.”

“मी देते कुऱ्हाड.”

आमच्यात बांधावरून भांडून हवालातीत जाणं ही काही खाली मान घालायची गोष्ट नाही. माझे सासरे सहा महिने जेलात होते. परत आले तेव्हा वेशीपासून हलगी लावून आणले त्यांना, आणि त्याच वर्षी दोन पोरांची लग्नं केली. तापट म्हटलं तर सोयरे उलट खूश होतात, जमीन राखणारं घर आहे म्हणतात. वेडा म्हटलं की सात पिढ्या मागच्या आणि सात पुढच्या उकरून बघतात. मी काही जगावेगळं केलं नाही. माझ्या जागी गावातली कोणतीही बाई असती तरी तिनं हेच केलं असतं. फक्त कबूल केलं नसतं.

काकासाहेब मला सांगत होते, “वहिनी, नुसता बीमार असला तर तो तुमचा राहतो. तुमच्या अर्जावर जातो, तुमच्या सहीवर परत येतो. गुन्ह्याचा कागद लागला की तो सरकारचा झाला. मंग तुमची सही कुठंच चालत न्हाई.”

“पंधरा दिवसांत सोडवून आणते. तुम्ही लिहा.”

पुंजारामाला बोलावलं. त्याचा आणि आमचा बांधाचा झगडा त्याच्या बापाच्या वेळचा. समोरून येताना दिसला तर मी वाट बदलायची नाही, त्यालाच बदलावी लागायची. त्या दिवशी मात्र आमचं दोघांचं असं जमलं की काय सांगावं.

“काकू, कुऱ्हाडच ना? का रुंद पात्याची फरशी सांगू?”

“कुऱ्हाड.”

“बराबर. उगारली, मी मागं सरकलो, वाचलो. मी काय, गरीब माणूस. तुम्ही म्हणाल तसं.” त्याच्या डोळ्यांत दिवाळी होती.

मुद्देमाल म्हणून कुऱ्हाड द्यायची होती. चांगली कुऱ्हाड सरकारजमा कोण करतो? सरपणाच्या ढिगाखालून मी जुनी ओढून काढली. तिची पाचर दोन वर्षांपूर्वी पडली होती. पातं दांड्यावर नुसतं टेकलेलं. बसव पाचर, बसव पाचर, म्हणून धर्मराजच्या मागं लागून मी थकले होते.

पंचनामा उर्दूत. काकासाहेबांनी वाचायला घेतला तर मी म्हटलं, राहू द्या, मला माहीत आहे काय आहे ते. सगळ्यांनी अंगठे लावले. मी सही केली. गावात सही येणारी बाई मी एकटी. मालकांनी शिकवलं होतं तेवढंच, नाव आणि पोथीतली अक्षरं. पण तेवढ्याचा मला केवढा तोरा होता!

भुजंगला दोन शिपाई घेऊन गेले. तो मुकाट्यानं गेला. वेशीजवळ विहीर लागते, तिथं फक्त पलीकडून चालला.

पंधरा दिवसांचे बावीस झाले. मी तालुक्याला मावसबहिणीच्या घरी मुक्काम ठोकला. कचेरीच्या मागंच हवालात. रोज सकाळी दुधाचा गडवा घेऊन जायची, कारण तिथल्या विहिरीच्या पाण्याला तो तोंड लावत नव्हता. दुधावर जगत होता. मग हवालातीतल्या कुठल्या शहाण्यानं त्याला सांगितलं की गवळी दुधात पाणी घालतो. त्या दिवसापासून दूधही बंद.

मी नदीवर गेले, हातानं घागर भरून आणली. गजातून तांब्या आत केला.

“पी. नदीचं हाय.”

त्यानं तांब्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. ओठ भेगाळलेले, जीभ जड.

“तू सांगती ते खरं नसतं,” म्हणाला आणि भिंतीकडं तोंड केलं.

आजवर मला असं कोणी बोललं नव्हतं. दुसरा कोणी असता तर गजातून हात घालून त्याचं थोबाड फोडलं असतं.

मी जमादाराला म्हटलं, ह्याला नदीवर न्या, डोळ्यांनी पाणी दिसलं की पिईल. तो म्हणाला, “माई, हा कुऱ्हाडीच्या केसमधला कैदी. मोकळा सोडला अन् कोणाला तोडलं तर माझा पट्टा जाईल.” तालुक्याचा डॉक्टर येऊन गेला. पोराला वेडाचा आजार आहे असं लिहूनही दिलं. मला म्हणाला, “दोन दिवस पाणी नाही. असं राहिलं तर उद्याच्या संध्याकाळची हमी मी देत नाही.”

“मंग धाडा की जालन्याला!”

“ते माझ्या हातात नाही. पेशकारांना विचारा.”

पेशकार महेमूद, मुन्सिफसाहेबांचा कागद सांभाळणारा. चष्मा नाकाच्या टोकावर, पुढ्यात कागदांच्या बस्त्यांचा ढीग. मी तरातरा गेले.

“काय हो, डॉक्टरनं लिहून दिलं, पोरगं आजारी हाय. मंग कशाची वाट बघून राह्यले तुम्ही? मुहूर्त काढायचाय?”

त्यानं मान वर केली नाही. “अम्मा, आजारी पागल वेगळा, गुन्हा केलेला पागल वेगळा. आजारी असता तर मुन्सिफसाहेबांनी आजच हुकूम दिला असता. तुमच्या बेट्यावर कुऱ्हाडीनं हमला लिहिलेला आहे. आता हा कागद जिल्ह्याला जाईल, तिथून बलद्याला, म्हणजे हैदराबादेला. तिथून मंजुरी. तोवर जिल्ह्याच्या जेलात.”

“किती दिवस?”

“जल्दी झालं तर दोन महिने.”

“तो उद्या मरतो, अन् तुम्ही दोन महिने सांगता! पाण्याचं काय करायचं?”

“पाण्याचा रकाना नाही अम्मा ह्यात.” मग चष्मा काढून त्यानं माझ्याकडं बघितलं. “दवाखाना नवीन बांधला सरकारनं, पण कागदाची वाट जुनीच आहे. जेलच्या दारातूनच जाते. पंचनाम्यात ही कुऱ्हाड नसती तर तुम्हांला मी इथं थांबवलंसुद्धा नसतं. कोणी लिहिली ही कुऱ्हाड?”

“लिहिणारा सापडला तर?” मी विचारलं.

“उद्या अकराला मुन्सिफसाहेब बसतात,” तो म्हणाला आणि पुन्हा चष्मा लावला. “ज्यानं लिहिली त्यानं खोडावी. पण सांभाळून. खोटी साक्ष हाही गुन्हाच आहे.”

पुंजाराम साक्षीसाठी तालुक्याला आलेलाच होता. कचेरीच्या लिंबाखाली शेंगा खात बसला होता.

“उद्या खरं सांग,” मी म्हटलं. “कुऱ्हाड नव्हती म्हण.”

“काकू, असं कसं? मी शपथेवर सांगितलंय. आता फिरलो तर मला आत घालतील.” टरफल उडवलं. “बांधावरची लिंबाची रांग सोडता का? मंग बघतो मी, आठवतंय का काही.”

“लिंबाची काडीसुद्धा देणार न्हाई तुला.”

“मंग कुऱ्हाड व्हती. चांगली धारदार. उन्हात चमकली.”

“चमकली?”

“लख्ख.”

“हेच सांग उद्या,” मी म्हटलं. “अस्संच सांग.”

सकाळी कचेरी भरलेली. त्यात हसनाबादची मंडळीही. झुंबरबाई स्वतः, संगती तिचा दीर. पोरगं बांधावरून हवालातीत गेलंय, तर विहीणबाईंना धीर द्यायला आलो, असं सांगत होती. धीर कसला, बातमी खरी का खोटी ते हुंगायला आली होती.

नाव पुकारलं. मी पदर घट्ट ओढला आणि पुढं झाले.

“साहेब, पंचनामा खोटा हाय. कुऱ्हाड नव्हती. विळा व्हता, तोबी कोणावर उगारला न्हाई. माझ्या पोराचं डोकं फिरलंय. तो वेडा हाय.”

वेडा हा शब्द मी मोठ्यानं म्हटला. मागच्या भिंतीपर्यंत गेला पाहिजे असा. सांगायचंच आहे तर चोरासारखं कशाला सांगायचं? मागं झुंबरबाईच्या बांगड्या वाजल्या.

मुन्सिफसाहेबांनी कागद उलटवला. “ही सही कोणाची?”

“माझीच.”

“वाचून केली?”

“न्हाई. तोऱ्यात केली.”

“पुंजाराम काय म्हणतो?”

पुंजारामानं हात जोडले. कुऱ्हाड होती, उन्हात चमकली, डोक्यावर आली, आपण मागं सरकलो. ही बाई आता पोराला वाचवायला खोटं बोलून राह्यली. काकासाहेब कोपऱ्यात उभे होते. जोड्याकडं बघत होते, जसं काही जोडे कालच घेतले.

“साहेब,” मी म्हटलं, “कुऱ्हाड इथंच हाय. ह्याला म्हणा, कशी उगारली ते करून दाखव.”

महेमूद पेशकारानं मुद्देमाल आणला. पुंजारामाला आता अवसान चढलं होतं. त्यानं दांडा दोन्ही हातांनी धरला, पाय रोवले, “अशी, साहेब!” म्हणाला आणि डोक्यावर नेली. पातं दांड्यातून निघालं आणि मागच्या मागं उडून शिपायाच्या पायाशी पडलं. पुंजाराम नुसता दांडा धरून उभा.

आख्खी कचेरी हसली. मुन्सिफसाहेब नाही हसले.

“दोन वर्षं पाचर न्हाई तिला,” मी म्हटलं. “माझ्या सरपणातली हाय. मीच दिली. चांगली द्यायची जिवावर आली, म्हणून ही दिली.”

मुन्सिफसाहेबांनी दांड्याकडं बघितलं, पुंजारामाकडं बघितलं, मग डॉक्टरचा कागद पुढं ओढला. हमल्याचा आरोप काढला. नाड्यांची भरपाई आमच्यावर, आणि भुजंग आजारी म्हणून आईच्या अर्जावर जालन्याच्या दवाखान्यात. उद्या सकाळी निघायचं. आणि आजचा आज, आत्ताच्या आत्ता, शिपाई बरोबर देऊन नदीवर न्यायचा.

मग मला, पुंजारामाला आणि काकासाहेबांना, तिघांना एकच शिक्षा. अदालत उठेपर्यंत व्हरांड्यात भिंतीशी जमिनीवर बसून राहायचं. “बाई, वयाकडं बघून एवढ्यावर सोडतो,” असंही म्हणाले. वयाचं काढायची काही गरज नव्हती.

आम्ही तिघं ओळीत बसलो. पुंजाराम हळूच म्हणाला, “काकू, आधी सांगायचं ना पाचर न्हाई म्हणून.”

“तोंड बंद कर. दांडा अजून इथंच हाय.”

झुंबरबाई समोर येऊन उभी राहिली. मी खाली, ती वर. अशी जागा तिला जन्मात मिळाली नसती.

“विहीणबाई म्हणू का नको, तेच कळंना मला.”

“नका म्हणू. मला आवडत नव्हतंच.”

“आम्हांला फसवत व्हत्या तुम्ही. आमचं घर नासवलं असतं.”

“तुमचं घर नासायला माझी नात कशाला पायजे? तुमचा दीर दिवसा कुठं पडलेला असतो ते साऱ्या हसनाबादला ठाऊक हाय.”

ती पाय आपटत गेली. सोयरीक तिथंच मोडली. नंदा माझ्याशी वर्षभर बोलली नाही. तिचं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही, पण तिला बोल म्हणूनही सांगितलं नाही.

तेवढ्यात भुजंगला नेलं. दोन शिपायांच्या मधून, लटपटत, आमच्या पुढूनच. माझ्याकडं त्यानं बघितलं नाही. उठता येत नव्हतं मला, अदालत बसलेली होती. त्याच्या टाचा कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी बघत राहिले. तासाभरानं जमादार आला आणि खाली वाकून म्हणाला, “माई, पाण्यात जाऊन बसला. गुरासारखा पिला.”

दुसऱ्या दिवशी गाडी जुपली. शिपाई, भुजंग, मी. दर ओढ्याला गाडी थांबायची, तो उतरून प्यायचा. जालन्याला दवाखान्याच्या दारात एक धिप्पाड आया उभी होती. आत माणसं, कोणी तेलगू बोलतं, कोणी कानडी, कोणी काहीच नाही. पलंग कमी आणि माणसं जास्त, ते काय डोळ्यांना दिसतंच. आवारात नळ होता. भुजंग त्याच्यापुढं थांबला.

“कुठून येतं हे?”

“तळ्यावरून,” आया म्हणाली.

त्यानं नळाखाली हात धरला, वास घेतला, आणि प्याला. मग तिथंच ओल्या फरशीवर बसला.

डॉक्टरनं मला टेबलापुढं बसवलं. कारकून लिहीत होता. नाव, गाव, वय, कधीपासून. मग डॉक्टरनं विचारलं, घराण्यात आधी कोणाला असं काही? मी म्हटलं, कोणाला नाही.

“वडील आहेत?”

“न्हाईत. विहिरीत गेले. पाय घसरला.”

बारा वर्षांची सवय, तोंडातून आपोआप निघालं. कारकुनानं लिहिलं. दार उघडंच होतं. भुजंगनं नळापासून मान वळवली आणि माझ्याकडं बघितलं. हवालातीतल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा. रागानं नाही. तांब्याकडं बघितलं होतं ना, तसंच. खरं का खोटं ते तपासत.

“खोडा ते,” मी म्हटलं.

कारकून म्हणाला, “काय खोडू?”

“पाय घसरला ते खोडा. घसरला न्हाई. वर्षभर जेवत नव्हते, बोलत नव्हते. काठावर पागोटं काढून ठेवलं अन् उडी मारली. ह्यानं बघितलं. हा वरडत घरी आला, तर मी ह्याचं तोंड दाबलं अन् शिकवलं, काय सांगायचं ते.”

डॉक्टर मधे बोलला असता तर मी ऐकून घेतलं नसतं. कारकुनाची लेखणी चालत राहिली. बाहेर नळाचं पाणी वाहत होतं. भुजंगनं उठून तो बंद केला आणि आयेच्या मागं आत गेला. माझ्याकडं परत वळला नाही.

कारकुनानं कागद माझ्यापुढं सरकवला. “इथं अंगठा.”

“सही येते मला,” मी म्हटलं. “पर आधी वाचून दाखवा. पयल्या ओळीपासून.”